मांजरडोके, विदेशी, नग एक

नागपुरात राहून संत्र्याविरुद्ध बोलायची सोय नाही, आणि मला बोलायचंही नाही. तीसेक वर्षं मी सरकारी फळरोपवाटिकेत नोकरी केली, ती संत्र्याच्याच जिवावर. घर झालं, पोरं शिकली, गुडघे गेले. पण दिवाळी अंकवाल्यांनी "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा मला आठवली ती एक नाशपाती. जर्मनीतली, हिवाळी आणि दगडासारखी टणक. ती नागपुरात आली, नागपुरात फळली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नागपुरातच मारलं. मारण्याच्या कागदावर सही माझी आहे, म्हणून अधिकारवाणीनं लिहितो.

आधी आमचा धंदा सांगतो, कारण चार पिढ्या संत्री खाणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. जंबेरी नावाचं एक रानटी, आंबट लिंबू असतं. चिवट, कशाही जमिनीत वाढणारं. त्याचं रोप म्हणजे खुंट. खुंटाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याचा एक डोळा, म्हणजे झोपलेला अंकुर, त्या चिरेत बसवायचा आणि वरून घट्ट बांधायचं. डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकायचा. मुळं जंबेरीची, राबायचं जंबेरीनं आणि नाव संत्र्याचं. सरकारी खात्याची रचना याहून फारशी वेगळी नाही, पण ते मला उशिरा कळलं.

एक निवृत्त हेडमास्तर आमच्याकडून रोप घेऊन गेले आणि सहा वर्षांनी पिशवीभर पिवळी लिंबं घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "ही तुमची संत्री!" मी घरी जाऊन झाड पाहिलं. मास्तरांनी खुंटाला खालून फुटलेला जोमदार धुमारा वाढवला होता आणि वरचं कलम "मरतुकडं दिसत होतं" म्हणून स्वतःच्या हातानं कापलं होतं. हे मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तसं रोपावर लिहायला हवं होतं." शिक्षण खात्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. मी माफी मागितली.

तर नाशपाती. साठचं दशक सरत आलं होतं. आमची संत्री बघायला एक जर्मन तज्ज्ञ आले. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या रोपवाटिकेच्या प्रमुखांनी, त्यांना आदरातिथ्य म्हणून सावजीचा रस्सा खाऊ घातला. पाहुण्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. साहेबांना वाटलं, भारावून गेले. निघताना पाहुण्यांनी ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या काड्यांची एक जुडी आणि चार पानांची हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली. काड्या त्यांच्या वडिलांच्या बागेतल्या. फार जुनी जात, त्यांच्या गावातही आता कुणी लावत नाही, म्हातारे वडील ज्याला त्याला काड्या वाटत सुटले होते. नाव काट्झेनकोफ, म्हणजे मांजराचं डोकं. फळ तेवढं मोठं आणि तसंच गोल. "बाकी सगळं वडिलांनी यात लिहिलंय," असं म्हणून पाहुणे गेले.

वडिलांनी ते जर्मनमध्ये लिहिलं होतं. चिठ्ठी भाषांतरासाठी वर पाठवण्यात आली. आमच्या साठा-नोंदवहीत ओळ पडली: "मांजरडोके, विदेशी." काड्यांपैकी एकच जगली, म्हणून पुढे "नग एक".

ती जगवली सुखदेवनं. सुखदेव काटोलकडचा, म्हणजे संत्र्याच्याच मुलखातला; कलम बांधण्यात आख्ख्या रोपवाटिकेत त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. दिवसाला पाचशे डोळे भरायचा आणि त्यातले वाळायचे ते बोटावर मोजण्याइतके. त्याची सुतळीची एक खास गाठ होती. झाडाचं खोड फुगत गेलं की सैल न पडता बेतानं सरकायची. मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला माणूस, मला ती गाठ शेवटपर्यंत जमली नाही. साहजिकच मी कायम नोकरीत होतो आणि तो अकरा वर्षं रोजंदारीवर. नाशपातीसाठी एक वेगळा मजूर मंजूर झाला होता, त्या जागेवर त्याला दाखवलं होतं. म्हणजे कागदावर तो झाडाचा माणूस होता. झाड आहे तोवर तो आहे.

मोठे साहेब एकदा फेरीवर आले असता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखदेव, या झाडाला फळ धरू दे. त्या दिवशी तुला कायम करतो." मी शेजारीच उभा होतो.

"लक्षात ठेवजा साहेब," सुखदेव मला म्हणाला. "तुम्ही आयकलं हाये."

ऐकलं होतं ना. त्याचीच तर गोष्ट आहे.

झाड सहा वर्षं नुसतं वाढलं. फूल नाही. कारण मला पुस्तकातून ठाऊक होतं: थंड मुलखातली झाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतात, आणि झोप पुरी झाल्याशिवाय फुलत नाहीत. नागपूरचा हिवाळा माणसांनी स्वेटर मिरवावेत एवढ्यापुरताच असतो. झाडाला झोप लागेना, पानं गळेनात. मी वार्षिक अहवालात दर वर्षी "वाढ समाधानकारक" असं लिहीत होतो. सरकारी भाषेत याचा अर्थ काहीही घडलेलं नाही असा होतो.

सातव्या वर्षी डिसेंबरात सुखदेव म्हणाला, "साहेब, याले ताण देऊन पाहू का?"

ताण ही संत्र्याची गोष्ट. हिवाळ्यात महिनाभर झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग एकदम पाणी सोडायचं. झाड दचकून फुलतं. काटोलच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण नाशपातीला ताण? मी त्याला पुस्तक दाखवलं.

"पुस्तकवाल्याले नागपूर ठावं हाये का?" त्यानं विचारलं. "त्याच्या गावात झाड आपल्यानं झोपते. आपल्या इथं नाही झोपत, तं आपण निजवू."

नाशपातीला संत्रं समजण्याची चूक फक्त काटोलचा माणूसच करू शकतो. त्यानं पाणी तोडलं. एवढ्यावर न थांबता शिडी लावून झाडाचं एक-एक पान हातानं खुडलं. तीन दिवस लागले. फाटकाजवळ एक जुनी पहाडी नाशपाती होती, नुसती शोभेची; तीही त्यानं भुंडी केली. म्हणाला, "एकट्याले करमन नाही, संगत पाहिजे." परागणावरचा माझा आख्खा धडा त्यानं एका वाक्यात गुंडाळला होता. जाणारे-येणारे विचारायचे, झाडाला कीड लागली का? मी हो म्हणायचो. खरं सांगायची मलाच लाज वाटत होती.

फेब्रुवारीत झाड फुललं. थोडीच फुलं, पांढरी, जरा गोंधळल्यासारखी. सुखदेवनं कोंबडीच्या पिसानं एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेला. बारीक फळं धरली, आणि समोर नागपूरचा मे महिना उभा. त्याच वर्षी मोठ्या साहेबांच्या खोलीत नवा कूलर बसला आणि त्यांच्या खिडक्यांच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या निघाल्या. सुखदेवनं त्या झाडाभोवती बांधल्या आणि दिवसातून सहा वेळा पाणी मारलं. आमच्या कार्यालयात त्या उन्हाळ्यात दोघांनाच गारवा होता, साहेबांना आणि झाडाला. त्यातल्या एकानंच काही काम करून दाखवलं.

उन्हाळा सरला तेव्हा पाच फळं उरली होती. हिरवी, ओबडधोबड, लहान मुलाच्या डोक्याएवढी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण मांजराच्या नक्की. पोळ्याच्या आठवड्यात वारा सुटला आणि एक पडलं. सुखदेव ते घरी घेऊन गेला. उरलेली चार पाहायला दसऱ्याआधी समिती आली.

समितीत तीन जण. मोठे साहेब, विभागातून आलेले एक अधिकारी, आणि चवीचे जाणकार म्हणून काटोलच्या बाजारातले एक संत्र्याचे व्यापारी. तिघंही कोट घालून आले होते. आधी फोटो. फळं पानांआड होती, तेव्हा फोटोग्राफर ओरडला, "फांदी जरा खाली धरा कुणीतरी!" सुखदेव झाडामागे गेला आणि त्यानं फांदी वाकवून धरली. मग फळं तोडली आणि लगेच तिथंच चाखायला घेतली, कारण आमच्याकडे फळ म्हणजे तोडलं की सोललं आणि खाल्लं.

व्यापाऱ्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं दात रोवले. एक आवाज झाला. त्यांच्या दाढेची टोपी निघाली होती.

"हे फय नाही हो, गोटा हाये गोटा!" ते गाल धरून म्हणाले.

बाकी दोघांनी चाकूनं काप काढून जिभेला लावले आणि त्यांची तोंडं अशी आवळली की पुढची दहा मिनिटं सरकारी कामकाज खुणांनीच चाललं. मग मी फळपरीक्षणाचा छापील तक्ता भरायला घेतला. तक्ता अर्थातच संत्र्याचा होता, कारण दुसरा नव्हताच. सालीचा सैलपणा: साल सुटत नाही. फोडींची संख्या: फोडी आढळल्या नाहीत. रस: नाही. गोडी: नाही. शेरा तेवढा कोरा ठेवला. तो आठवड्याभरात लिहून द्यायचा होता. त्या शेऱ्यावर झाडाचं आणि सुखदेवचं काय ते ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सुखदेव स्टीलचा डबा घेऊन आला. पडलेलं फळ त्याच्या बायकोनं, शेवंतानं, पिकेल म्हणून गव्हाच्या कोठीत पुरून ठेवलं होतं. महिना झाला तरी ते नरम पडेना. "काल समितीचं सांगतलं तं शेवंता म्हणे, सात वर्साचं झाड हाये, असं कसं फेकाचं? तिनं गुळांब्यावानी गूळ टाकून चुलीच्या निव्यावर, कमी जाळावर ठेवलं. तीन घंटे. पाहा न साहेब."

डब्यात लाल काप होते. गाजरासारखे नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखे गडद लाल. रंग घातला का, असं मी विचारलंसुद्धा. तो नुसता हसला. मी एक काप खाल्ला. मग दुसरा. मग डबा संपला. विलायचीचा वास, खव्यासारखा मऊ पण आकार न मोडलेला गर, आणि गोडीच्या मागून हलकासा तुरटपणा. मी तीस वर्षांत हजारो फळं चाखली, पगार घेऊन चाखली. त्या डब्याइतकं चांगलं काही माझ्या तोंडात पडलेलं नाही.

"हे शिजवून खायाचं फय हाये, साहेब," सुखदेव म्हणाला. "तुम्ही तेवढं लिहून द्या."

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"शिजवून खातात?" ते म्हणाले. "मग ती भाजी झाली. भाजीपाला विभाग वेगळा आहे."

"साहेब, फळच आहे, फक्त..."

"समितीनं खाल्लं ते कच्चं. आता तुम्ही लिहिणार की शिजवायला हवं होतं? म्हणजे समितीला अक्कल नव्हती असं लिहिणार?" त्यांनी टेबलावरची एक फाइल जरा माझ्याकडे सरकवली. उघडली नाही. तिच्यावर माझं नाव होतं, बढतीची होती. "विचार करून शेरा लिहा," ते म्हणाले.

मी विचार केला. फार नाही केला. मी लिहिलं: "फळ अखाद्य. झाड ठेवण्याचे प्रयोजन नाही. सबब त्यावरील मजूर कमी करावा." खाली सही केली. तोंडात त्या वेळी विलायचीचा वास होता, हे मी विसरलेलो नाही.

झाड तोडायचं काम रोजंदारीवरच्या माणसाचं, आणि त्या झाडाचा माणूस एकच होता. शेवटच्या दिवशी सुखदेवनं स्वतः करवत चालवली. मी खिडकीतून पाहत होतो. बुंधा आडवा झाल्यावर त्यानं फांद्या एका बाजूला नीट रचल्या, करवत पुसून कोठाराच्या माणसाला दिली, आणि माझ्याकडे आला.

"साहेब, तुम्ही आयकलं होतं न?"

एवढंच. मी म्हणालो, "वरून आलं, सुखदेव." आमच्या खात्यात सगळं वरूनच येतं, पावसासारखं. तो मान हलवून गेला. पुढे हिंगण्याला एका कारखान्यात हिरवळ कापायच्या कामावर लागला, असं कळलं. ज्याच्या हातचा डोळा वाळत नव्हता तो गवत कापत होता, आणि मला बढती मिळाली.

आणखी दोन वर्षांनी चिठ्ठीचं भाषांतर आलं. व्यवस्थित टाइप केलेलं, तीन प्रतींत. म्हाताऱ्या बागवानानं लिहिलं होतं, हे फळ कच्चं खाऊ नये, दात जपावेत. पाडून गवतात झाकून ठेवावं. ऐन थंडीत, चुलीच्या मंद आचेवर, लाल होईपर्यंत शिजवावं. माझी आई तीन तास शिजवायची. शेवटी एक विनंती होती. तुमच्या उन्हात हे झाड फळेल असं मला वाटत नाही. पण फळलंच, तर ज्याच्या हातून फळलं त्याचं नाव मला कळवा, मी ते आमच्या गावच्या बागवानांच्या वहीत लिहीन.

कार्यालयात उत्साहाची लाट आली. परदेशी पत्रव्यवहार! झाड गेल्याची आठवण काढण्याइतकं असभ्य कुणीच नव्हतं. समितीचा फोटो होताच. साहेबांनी उत्तराचा मसुदा केला: "आपले झाड येथे यशस्वीरीत्या फळले." नावाच्या जागी मी सुखदेवचं नाव घातलं. एवढं तरी मी केलं, हे माझ्या बाजूनं सांगायला दुसरं काही नाही. साहेबांनी ते लाल शाईनं खोडलं. रोजंदारीवरच्या, तेही कमी केलेल्या माणसाचं नाव परदेशी कसं पाठवायचं? त्यांनी माझं घातलं. मी तोही मसुदा स्वच्छ अक्षरात उतरवून दिला.

वर्षभरानं माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं. जाड कागद, वळणदार जर्मन अक्षरं, आणि चारी कोपऱ्यांत मांजरडोक्याची रंगीत चित्रं. बायकोनं हौसेनं चौकट करून बैठकीत लावलं. पाहुणे विचारायचे, मी म्हणायचो, "नोकरीतलं आहे." खोटं नव्हतं.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. एका रविवारी सकाळी सुखदेव दारात. केस पांढरे, कारखान्याचा खाकी शर्ट. थोरल्या पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता; वर बुद्धाचं चित्र, आत सगळ्यात आधी शेवंताचं नाव, मग त्याचं. "लग्नाले या बरं साहेब," म्हणाला. मी चहा सांगायला आत गेलो आणि बाहेर आलो तर तो भिंतीसमोर उभा. त्याला जर्मन येत नव्हतं. पण त्या चारी कोपऱ्यांतली फळं त्याला वाचता येत होती.

"आपलंच फय हाये हे," तो म्हणाला.

मी म्हणालो, "चहा येतोय." खरं बोलायला हवं होतं. सात-आठ शब्दांचं काम होतं.

त्यानं चौकटीला बोट लावलं. ती डुगडुगली. "ढिली हाये साहेब. पडन एखांद्या दिवशी, काच फुटन." खिशातून सुतळीचा तुकडा काढला, चौकटीची मागची कडी आणि खिळा एकत्र घेऊन दोन वेढे दिले आणि ती त्याची गाठ मारली. हलवून पाहिलं. हलली नाही. मग चहा प्याला, बायकोला नमस्कार केला आणि गेला. लग्नाला मी गेलो नाही. पोट बिघडल्याचा निरोप पाठवला. बिघडलं नव्हतं.

ती चौकट अजून तिथंच आहे. घराला दोनदा रंग दिला, रंगारी म्हणाला, काढायची तर गाठ कापावी लागेल. मी तिच्याभोवतीनं रंगवायला सांगितलं. कलमाचा चाकू घरात आहे, पण ती कापायला माझा हात होत नाही. सुखदेवला भेटून खरं काय ते सांगावं, असं दर दसऱ्याला ठरवतो आणि दर दिवाळीला पुढे ढकलतो. खात्याची सवय. या वर्षी निदान लिहून टाकलं.

संपादकांनी लेखाबरोबर माझा फोटो मागितला होता. तो न पाठवता समितीचा पाठवतो आहे. त्यात तीन कोट दिसतील आणि मधोमध चार फळं. कोटांची नावं छापायचं कारण नाही. उजव्या कडेला, पानांमधून, फांदी खाली ओढून धरलेला एक हात आहे; मनगटाच्या वर काहीच आलेलं नाही. खाली नाव फक्त त्या हाताचं छापा. सुखदेव.